शिवेला वळसा

डेन्मार्कहून परत आल्यावर सहा महिने मी डेन्मार्कच सांगत सुटले होते. शाळेत, महिला मंडळात, लग्नाच्या पंगतीत. कुणी नुसतं "कसं काय होतं हो तिकडं?" म्हणायचा अवकाश, माझी गाडी सुरू. मी रत्नागिरीला परिविक्षा अधिकारी आहे. म्हणजे तुरुंगातून सुटलेल्या माणसांना पुन्हा कुठेतरी रुजवून द्यायचं, आणि ती रुजली की नाही ते वरती कळवायचं. सरकारनं मला तीन महिने इंग्लंड आणि डेन्मार्कमधले तुरुंग बघायला धाडलं होतं. आमच्या घराण्यातला हा पहिला परदेश प्रवास. वडील म्हणाले, "लोक पुण्य करून काशीला जातात. तू चांगली शिकून तुरुंगात चाललीस."

त्या प्रवासाचं वर्णन लिहून द्या, असं मला दोन-तीन जणांनी सांगितलं. मी लिहायला बसलेही. पण दर वेळी कागदावर दुसराच प्रवास उतरायला लागतो. पंच्याऐंशी सालच्या शिमग्यात मी भिकाजीला घेऊन त्याच्या गावी गेले, तो. नकाशावर बोटभर अंतर, जाऊन-येऊन चार दिवस. तेव्हा तोच लिहिते. डेन्मार्क मधेमधे येईल. त्याला इलाज नाही.

जयगड

भिकाजीनं चुलतभावाला, तुकारामाला, जिवे मारलं होतं. लावणीचे दिवस, पाटाचं पाणी कुणी आपल्या शेतात वळवलं यावरून बाचाबाची झाली आणि कुदळीच्या दांड्याचा एकच घाव बसला. तुकाराम चिखलात पडला तो उठलाच नाही. भिकाजी स्वतःच पोलीस पाटलाकडे चालत गेला. जन्मठेप झाली, सूट धरून बारा वर्षं भोगली. बायको पहिल्याच वर्षी माहेरी गेली आणि तिनं दुसरा घरोबा केला. राहिली ती आई. तुरुंगात तो सुतारकाम शिकला, आणि उत्तम शिकला. वय अडतीस, दिसायचा पन्नाशीचा.

त्याच्या खिशात आईचं पत्र होतं, गावातल्या गुरुजींनी लिहून दिलेलं. एसटीत बसल्यावर त्यानं ते मला वाचायला दिलं. "शिमग्याला ये. बारा वर्षं पालखी दारात येते आहे, तूच नसतोस. यंदा दोघं मिळून ओटी भरू."

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवी देवळातून निघते आणि पालखीत बसून घरोघर जाते. वर्षभर आपण तिच्याकडे जायचं, या दिवसांत ती आपल्याकडे येते. मुंबईचे चाकरमानी गणपतीला एकवेळ चुकतील, पण पालखी दारात यायच्या दिवशी घर बंद ठेवणार नाहीत. ज्या दारात पालखी थांबत नाही, ते घर गावात असून नसल्यासारखं. भिकाजीच्या घराला गावानं तसं कधी केलं नव्हतं. गुन्हा मुलाचा, म्हातारीचा काय दोष, असं म्हणून पालखी दरवर्षी येत राहिली होती. हे वाचून मला गावाचं फार कौतुक वाटलं. म्हटलं, चला, निम्मं काम झालेलंच आहे.

जयगडला उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती. तवसाळला नेणारी होडी धक्क्यापासून लांब चिखलात. मी वहाणा हातात घेतल्या, पातळ वर खोचलं आणि चौथ्या पावलाला गुडघाभर रुतले. नावाडी हसला. भिकाजी हसला नाही. माझी पिशवी डोक्यावर घेऊन तो चिखलातच ताठ उभा राहिला. "अरे, चल ना पुढे," म्हटल्यावर निघाला. मला वाटलं, माझ्यासाठी थांबला असेल. तो हुकमासाठी थांबला होता, हे पुढं कळलं.

गुहागर

तवसाळपासून गुहागरापर्यंत सगळा सडा, वरचं कातळाचं पठार, वाळून कोळ झालेला. भाजावळीचे दिवस, जिकडे तिकडे पालापाचोळा जाळून काळी केलेली शेतं आणि धूर. भिकाजी एसटीच्या खिडकीतून एकेक शेत बघत होता. कुणाचं नीट भाजलंय, कुणाचं नाही, एवढंच तो दिवसभरात आपणहून बोलला.

एका खाणावळीत उतरलो. माझी खोली माडीवर, त्याची खाली ओटीच्या बाजूला. हातपाय धुऊन खाली आले तर हा आपल्या खोलीच्या दाराशी उभा. दार सताड उघडं.

"काय रे? आत जा की."

"बरं," म्हणाला आणि गेला.

बारा वर्षं याच्यापुढचं प्रत्येक दार दुसऱ्या कुणीतरी उघडलं होतं. दार उघडं असलं तरी 'जा' म्हणणारा माणूस लागतो, ही त्याची सवय पुढचे सगळे दिवस मी बघितली. एसटीत चढताना, हॉटेलात शिरताना, मोरीला जातानासुद्धा.

जेवणात तांदळाची भाकरी, कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी आणि भाजलेला बांगडा होता. बांगड्यावरून मला डेन्मार्क आठवलंच. तिकडे आंबूस काळ्या पावावर कच्चाच मुरवलेला मासा ठेवून देतात. पहिल्या दिवशी मी तो रुमालात गुंडाळून टाकला आणि तिसऱ्या आठवड्यात दोनदा मागून घेतला. मग काय, सांगत सुटले. इंग्लंडातला तो जुना तुरुंग, एकेका खोलीत तिघेतिघे, सकाळी बादल्या हातात घेऊन रांग; तिथल्या जेलरनं मला सरळ सांगितलं की ही माणसं इथं भोगायला आली आहेत, सुधारायला नाहीत. आणि डेन्मार्कचा तो खुला तुरुंग. भिंत नाही. कैद्याच्या खोलीची किल्ली कैद्याच्या खिशात. सकाळी सायकलवरून गावात कामाला जातात, संध्याकाळी परत येऊन स्वतः रांधतात. तिथला अधिकारी म्हणाला होता, "जे स्वातंत्र्य उद्या पेलायचं आहे, त्याचा सराव आज नको का?" हे वाक्य मी तोवर शंभर वेळा तरी लोकांना ऐकवलं असेल.

भिकाजी मान खाली घालून जेवत होता. मग म्हणाला, "सुटल्यावर ती लोकं कुटं जातात, बाय?"

मी येन्सची गोष्ट सांगितली. खून करून सुटलेला माणूस. त्याचं घर दाखवायला आम्हाला नेलं होतं. सरकारनं मिळवून दिलेल्या दोन खोल्या, खिडकीत फुलझाड, नोकरी. त्यानं आम्हाला कॉफी करून दिली. तीन वर्षं राहत होता.

"आनि शेजारी?"

"शेजाऱ्यांना माहीतच नाही. त्याचं नावसुद्धा कुणी विचारलेलं नाही."

भिकाजीनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "कुनालाच ठाव नाय, मग त्याला माफी कोन देनार?"

मी म्हटलं, तिकडे माफीबिफी नसते, माणसाचा हक्क असतो. मोठ्या ठसक्यात म्हटलं. येन्स आम्हाला पोचवायला जिन्यापर्यंत आला होता आणि आम्ही खाली उतरून रस्त्याला लागेपर्यंत वरून बघत उभा होता, हे मात्र मी सांगितलं नाही. ते मी कुठेच सांगत नसे.

दाभोळ

धोपाव्याहून लाँचनं खाडी ओलांडली. वाऱ्याला सुक्या मासळीचा वास, दाभोळच्या बंदरात जाळी पसरलेली. भिकाजीचं गाव खाडीच्या काठाकाठानं आत. एसटी दोन तासांनी होती. ती वरच्या रस्त्यानं जाऊन गावाच्या शिवेवर सोडणार, तिथून देऊळ, मग वाडी. तेवढ्यात मला दिसलं की भरती लागली आहे आणि एक होडी कौलं भरून वर निघाली आहे. कुणाकडे जायचं ते सांगितल्यावर नावाडी म्हणाला, "तुमच्या वाडीच्या खालीच सोडतंय की. म्हातारीच्या घरामागं परड्यातच उतराल."

मी अशी बाई आहे की मला वाट बघणं जमत नाही. भात शिजायच्या आधी झाकण चारदा काढते. म्हटलं, चल, होडीनं.

भिकाजी घुटमळला. "बाय, रस्त्यानं गेलेलं बरं. शिवेवरनं. आदी देवळाकडं..."

"देऊळ काय पळून जातंय? आई वाट बघतेय की शीव?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी होतं, ते मी वाचायला हवं होतं. माझा तर तोच धंदा. पण मला एकच दिसत होतं. डेन्मार्कात सुटकेच्या दिवशी माणसाला थेट घरी नेतात, तिथं जेवण तयार असतं, आणि नेणारा अधिकारी लांब उभा राहून समाधानानं बघतो. मला तसं उभं राहायचं होतं.

"बरं," भिकाजी म्हणाला आणि होडीत बसला.

गाव

म्हातारी परड्यात शेणी थापत होती. होडीतून मुलगा उतरताना बघून ती उठली, हात तसेच भरलेले, आणि त्याच्या तोंडावरून फिरवले. दोघंही रडली नाहीत. मी रडले. ती त्याला मागल्या दारानं घरात घेऊन गेली आणि चुलीपुढं बसवून कुळथाची पिठी आणि भात वाढला. मी ओसरीवर बसून समाधानानं बघत होते. अगदी ठरवलं होतं तसं.

तो चार घास जेवला असेल. "शिवेवर कोन कोन होतं रे?" म्हातारीनं विचारलं.

भिकाजीनं ताट बाजूला सारलं. म्हातारीच्या हातातली पळी तशीच राहिली.

"तू शिवेवरनं नाय आलास?"

मग मला ते सगळं सांगण्यात आलं. म्हणजे अंगणात आलेल्या पाच गावकऱ्यांनी सांगितलं. पुढारी होता पालखीचा मानकरी, पांढऱ्या मिशांचा, अतिशय मऊ बोलणारा माणूस. मी पाणी विचारलं तर कुणी घेतलं नाही. कुणी बसलंही नाही.

गावची रीत अशी. रक्त सांडून गेलेला माणूस परत येतो, तेव्हा शिवेवर थांबतो. गुरव नारळ घेऊन येतो. मेलेल्याच्या घरचं माणूस समोर येऊन उभं राहतं. गुन्हेगारानं त्याच्याकडे बघून, मान खाली न घालता, आपण काय केलं ते आपल्या तोंडानं बोलायचं. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवीकडे मागणं मागतो, नारळ फुटतो, आणि दोघं एकाच वेळी शीव ओलांडतात. त्यानंतर घराचा उंबरा. पोलीस, कोर्ट, बारा वर्षं, हे सरकारचं. हे गावाचं.

"तुकारामाची बायको, सुभद्रा," मानकरी म्हणाला, "म्हयनाभर नाय म्हनत व्हती. आमी धा येळा गेलो. मंग हो म्हनली. आज सकाळधरनं शिवेवर उभी हाय, बाय. पहिल्या एसटीपासनं."

मी म्हटलं, चूक माझी आहे, याची नाही. आत्ता नेते त्याला शिवेवर. मानकऱ्यानं मान हलवली. "उंबरा आदी वलांडला, आता तो घरात हाय तवर पालखी ह्या दारात थांबायची नाय. तुमचा दोस कोन धरतंय? तुमी सरकारचं मानूस. पन तो हितला हाय. त्यानं तुमाला सांगाया नको?"

त्यानं सांगितलं होतं. पण बारा वर्षं ज्याला दुसऱ्यांदा बोलायची मुभा नव्हती, तो एकदाच बोलला आणि गप्प बसला. हे मी त्या पाचजणांना समजावून सांगू शकले नाही. भिकाजी दारात उभा होता. उंबऱ्याच्या आत.

सुभद्राचं घर शेजारीच. मधे एक गडगा, चिऱ्यांवर चिरे रचलेला, छातीइतका उंच. मी वळसा घालून तिच्या अंगणात गेले. ती नुकतीच परतली होती. सणासुदीचं लुगडं नेसलेली, पाय धुळीनं लाल. चाळिशीच्या आतबाहेरची बाई. मला बघून तिनं पाट टाकला, गूळपाणी दिलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

मी माफी मागितली. मग नको ते बोलले. मला थांबताच येत नव्हतं. पुढारलेल्या देशांत काय चालतं, माणसाला दुसरी संधी कशी देतात, घर, नोकरी, किल्ली. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तिकडं मेलेल्या मानसाच्या बायकूला कोन भेटाया जातं?"

तीन महिने. अकरा तुरुंग. माझ्याकडे दोन वह्या भरून टिपणं होती. मी कैद्यांशी बोलले, जेलरांशी, धर्मगुरूंशी, स्वयंपाक्यांशीसुद्धा बोलले. अशी एकही बाई मला कुणी दाखवली नाही आणि मी मागितलीही नाही. आणि इथं तर तिचं घर गडग्यापलीकडे होतं. निघण्याआधी मी भिकाजीच्या आईला दोन पत्रं टाकली होती. सुभद्राला एक ओळ नाही.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मला वाटलंच." तिनं पेला उचलला. "मी त्याचं वाईट चितीत नाय, बाय. पन त्याच्या तोंडनं मला ऐकायचं व्हतं. म्हयनाभर मी मन घट केलं. आज उनात उभी राह्यले, येनारं-जानारं बघत व्हतं. आता परत मला उभी करू नका. मला परत नाय जमायचं."

मी परत विचारलं नाही. तेवढं तरी शहाणपण मला त्या दिवशी सुचलं.

पालखी

दुसऱ्या दिवशी पालखी वाडीत आली. मी गुरुजींकडे उतरले होते. ढोल ऐकून म्हातारीच्या घरी आले. तिनं पहाटेच अंगण सारवलं होतं, रांगोळी घातली होती. ओटीचं ताट तयार, समई लावलेली. मला वाटलं, तिला कुणी सांगितलं नाही की काय. तिला पक्कं माहीत होतं. तरी ती उभी राहिली. भिकाजी घरामागे भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर. तुरुंगात हजेरीला बसवतात तसा.

पालखी वळणावरून आली. खांदेकऱ्यांच्या पायांची लय बदलली नाही. मानकऱ्यानं म्हातारीकडे बघितलं नाही; मला वाटतं, त्याला बघवलं नसावं. ढोल अंगणासमोरून गेला आणि गडग्यापलीकडे सुभद्राच्या दारात थांबला. तिकडे गाऱ्हाणं सुरू झालं. "होय महाराजा" प्रत्येक वेळी स्पष्ट ऐकू येत होतं.

म्हातारी ताट घेऊन गडग्यापाशी गेली. ताट चिऱ्यांवर ठेवलं, आणि पलीकडच्या अंगणात बसलेल्या पालखीला अलीकडून हात जोडले. सुभद्रानं ते बघितलं. ती आली, ताटातली फक्त फुलं उचलली आणि नेऊन पालखीवर वाहिली. खण-नारळ तसाच राहिला. तो घ्यायचा तिला अधिकार नव्हता.

परत

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेले तर भिकाजी पिशवी घेऊन अंगणात उभा.

"मी येतंय तुमच्यासंगती, बाय."

"कुठे? घर सोडून कुठे येतोस?"

"रत्नागिरीला. कुनाकडं पन सुतारकामाला लावा." मग म्हणाला, "मी आत व्हतो तवर पालखी येत व्हती. बारा वर्सं आली. मी आलो नि थांबली. आवशीला आता दुसरं काय राह्यलंय?"

मी म्हातारीकडे बघितलं. ती त्याला अडवेल, निदान एक शब्द तरी बोलेल, असं मला वाटत होतं. तिनं भाकऱ्यांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं, वर सुक्या जवळ्याची पुडी ठेवली. देवी आणि मुलगा यांत तिला निवडायला मी लावलं होतं, आणि मी तिथंच उभी होते.

या वेळी आम्ही रस्त्यानं गेलो. शिवेवर एक शेंदूर फासलेला धोंडा आहे, एवढंच. भिकाजी तिथं थांबला, गावाकडे तोंड केलं आणि काहीतरी पुटपुटला. ऐकायला कुणी नव्हतं. काजूच्या बोंडांचा वास सुटला होता. एसटी आली. मी "चढ" म्हटलं, मग तो चढला.

रत्नागिरीत त्याला एका सुताराकडे काम मिळालं. राहायला दोन खोल्या. किल्ली त्याच्याच खिशात. शेजाऱ्यांना काही माहीत नाही. अहवालात 'पुनर्वसन' म्हणून एक रकाना असतो. त्यात मी 'समाधानकारक' लिहिलं. डेन्मार्क सांगायचं सोडून दिलं. ते लोक चुकतात असं नाही. आमच्यापेक्षा शंभर पटींनी बरं करतात. इंग्लंडातल्या त्या बादल्यांपेक्षा तर हजार पटींनी. पण अर्ध्या वाटेपर्यंतच करतात. उरलेली अर्धी वाट आमच्या एका आडगावाला ठाऊक होती, आणि तिला मी वळसा घातला.

यंदाच्या शिमग्यानंतर माझ्या पत्त्यावर एक कार्ड आलं. अक्षर गुरुजींचं. "भिकाजीस सांगावे, पालखी आली. घटकाभर बसली. ओटी भरली." संध्याकाळी मी त्याला घरी बोलावून घेतलं आणि कार्ड हातात दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं, खिशातून आईचं पत्र काढून त्यावर ठेवलं, दोन्ही मिळून घडी केली आणि खिशात टाकली.

"बरं झालं," म्हणाला.

मग तो दाराशी जाऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवून परत आले, तरी तसाच उभा.

"जाऊ, बाय?"

दार उघडंच होतं.